समेच्या आधी खटका: नर्तकांसोबतच्या फिल्म-नोंदी

२२ सप्टेंबर २०२४

कामाची आखणी आज पक्की केली. नागपुरात नाच करणारी, नाच शिकवणारी माणसं त्यांच्या कामाच्या वेळी टिपायची. प्रयोगाच्या रात्रीचे, पूर्ण मेकअपमधले, हात उंचावलेले फोटो या सगळ्यांकडे आहेत. त्यातले बरेच मीच काढून दिलेत. तालीम, शिकवणी, घुंगरू ओवणं, गुडघ्याला तेल चोळणं, चुकलेला तुकडा पुन्हा पहिल्यापासून घेणं, यांचे मात्र कोणाकडे नाहीत. ठिकाणं ठरली: धरमपेठेतला कथकचा वर्ग, लक्ष्मीनगरातला भरतनाट्यमचा वर्ग, आणि दिवाळीनंतर मंडईच्या (गावोगावच्या जत्रेच्या) दिवसांत खडी गंमतीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या लोककलेचा, एक संच.

सगळं काम कृष्णधवल फिल्मवर. कॅमेरा निकॉन एफएम२, कॉलेजात असताना जुन्या बाजारातून घेतलेला. हे मॉडेल १९८२ चं. बॅटरी लागते ती फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला. शटर पूर्ण यांत्रिक आहे, एका सेकंदापासून १/४००० पर्यंत सेलशिवाय चालतं. इतकी वर्षं कपाटात राहूनही सगळे वेग कानाला बरोबर वाटले. लेन्स दोनच नेणार: ५० मिमी एफ/१.८ आणि ८५ मिमी एफ/२.

फिल्म का, हे लिहून ठेवते. गेली पंधरा-सोळा वर्षं मी नाच डिजिटलवर काढला. सेकंदाला दहा फ्रेम घ्यायच्या आणि घरी येऊन निवडायचं. शटर १/५०० असेल तर त्या दहा फ्रेम मिळून सेकंदाचा पन्नासावा भाग होतो. उरलेलं अठ्ठ्याण्णव टक्के कॅमेऱ्याने पाहिलेलंच नसतं. म्हणजे बटण कितीही वेळ दाबून धरलं तरी हवा तो क्षण सापडणं योगायोगावरच असतं, आणि फोटोग्राफरचं डोकं कामाला लागतं ते सगळं घडून गेल्यावर. ३६ च्या रोलवर आधी ठरवावं लागतं. नाचणारा माणूस पाऊल टाकण्याआधी ठरवतो. मला त्याच्या बाजूला जायचंय.

२९ सप्टेंबर

कथकचा वर्ग. पहिल्या मजल्यावरची लांबट खोली, कोटा फरशी, वर ट्यूबलाइट, पश्चिमेला दोन खिडक्या. साडेसहानंतर खिडक्यांचा उपयोग संपतो. मीटर: फिल्मची संवेदनशीलता १६०० एएसए धरली तर छिद्र एफ/२, वेग १/६० सेकंद. म्हणून इल्फर्डची एचपी५ प्लस, जी मुळात ४०० ची आहे, ती १६०० धरून वापरायची आणि धुताना डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, जास्त वेळ ठेवायची. तोटा सावल्यांत होतो. मोकळ्या केसांतला, गडद ओढणीच्या घड्यांतला तपशील निगेटिव्हवर येतच नाही, कितीही वेळ धुतलं तरी. त्यामुळे उभं राहायची जागा बदलली: उजेड माझ्या पाठीशी न ठेवता मुलींच्या बाजूने येईल अशी. चेहऱ्याचा एक गाल उजळतो, पायाची नडगी दिसते, बाकी काळं जातं ते जाऊ दे.

ट्यूबलाइटची एक अडचण आधीच माहीत असलेली बरी. आपल्याकडचा वीजप्रवाह ५० हर्ट्झचा, त्यामुळे जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. १/२५० ला एखादी फ्रेम त्या मंद क्षणात सापडते आणि शेजारच्या फ्रेमपेक्षा फिकी निघते. १/६० किंवा १/३० ला हा फरक पुसला जातो. म्हणजे या खोलीत वेगवान शटर मिळणार नाही. हललेलं हललेलंच दिसणार. नाचाच्या फोटोत काय स्थिर असायला हवं आणि काय नाही, हा प्रश्न खोलीनेच पुढ्यात ठेवला.

आज बहुतेक फ्रेम घुंगरांवर गेल्या. वर्ग घेणाऱ्या ताईंकडे शिकणारी एक मुलगी, अकरावीतली, भिंतीला टेकून घुंगरांची माळ नव्याने ओवत होती. सुती दोरी, प्रत्येक घुंगरानंतर गाठ. गाठ सैल राहिली तर घुंगरू दोरीवर सरकतं, शेजारच्यावर आदळतं आणि आवाज फाटतो. तिने एका पायाची माळ संपवली, हलवून ऐकली, मधली एक गाठ सोडून परत घातली. ताईंनी लांबून, मान न वळवता सांगितलं, ‘अजून एक राहिलं गं, डावीकडचं.’ खरंच राहिलं होतं. ताई तेव्हा दुसऱ्या टोकाला लहान मुलींचा तत्कार, म्हणजे पावलांचा सराव, घेत होत्या, ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’, सोळा मात्रा पुऱ्या करत. हा कान मला फोटोत कसा आणता येईल, ठाऊक नाही. ऐकताना ताईंची मान किंचित उजवीकडे कलते. तेवढं तरी टिपायचं.

६ ऑक्टोबर

रोल धुणं. नागपुरात ऑक्टोबरमध्ये छतावरच्या टाकीचं पाणी दुपारी हाताला गरम लागतं, आणि डेव्हलपिंगचे सगळे तक्ते २० अंशांचे. काकांकडे गेले. काका नागपूरच्या महाल भागातले जुने स्टुडिओवाले. सत्तरी कधीच उलटली, स्टुडिओ आता मुलगा चालवतो, पण मागची अंधारी खोली त्यांनी मोडू दिली नाही. एन्लार्जरवर, म्हणजे निगेटिव्हवरून प्रिंट मोठा करायच्या यंत्रावर, मेणकापड घालून ठेवलंय.

‘तयार पाकीट कशाला आणतेस बेटा, आपण घरी करून राहिलो ना,’ म्हणाले आणि तराजू काढला. डी-७६ हा कोडॅकचा १९२७ चा डेव्हलपरचा फॉर्म्युला, काकांना तोंडपाठ. एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. पाऊण लिटर कोमट पाण्यापासून सुरुवात, साधारण ५० अंश. आधी मेटॉल, मग सल्फाइट. सल्फाइट आधी टाकलं तर त्या दाट द्रावणात मेटॉल विरघळायला कुरकुरतं. काका मेटॉलच्याही आधी चिमूटभर सल्फाइट टाकतात, म्हणजे मेटॉलला हवा लागून ते तपकिरी पडत नाही. हे त्यांना कोणी शिकवलं विचारलं, तर म्हणाले, ‘उस्तादानं. त्याला कोणी शिकवलं ते त्याला विचारायचं राहिलं.’

मग हायपो, चित्र पक्कं करणारं द्रावण. सोडियम थायोसल्फेटचे खडे पाण्यात टाकले की पाणी स्वतःहून गार होतं, भांड्याला बाहेरून घाम येतो. काका त्याचा एकेकाळी उन्हाळ्यात उपयोग करायचे: हायपोच्या गार होणाऱ्या बादलीत डेव्हलपरची बाटली उभी करायची. पण तोच गार हायपो लगेच फिल्मवर घालायचा नाही. ऊन डेव्हलपरातून निघालेल्या फिल्मला एकदम गारवा बसला तर जिलेटिनचा थर आकसतो आणि चित्रभर जाळी पडते. सगळी द्रावणं एका तापमानाला आणायची, मगच रोल टाकीत घालायचा. बर्फाच्या टबात बाटल्या ठेवून आम्ही २४ अंशांवर थांबलो. २० अंशांना एचपी५ प्लस १६०० साठी पातळ न केलेल्या डी-७६ मध्ये १४ मिनिटं. २४ ला ती १० च्या आसपास येतात. थर्मामीटर पाहत काकांनी वेळ मोजली, दर मिनिटाला टाकी दहा सेकंद उलटीपालटी.

काकांच्या आठवणींत रोलची नावं येत राहिली: पूर्व जर्मनीहून येणारी ओर्वो, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची इंदू. इंदू वापरून काढलेली लग्नं त्यांच्याकडे अजून आहेत, निगेटिव्ह वहीच्या कागदात गुंडाळलेल्या, वर गावाचं नाव आणि तिथी. नाचाचं काय, विचारलं. ‘तमाशाच्या बाया यायच्या फोटो काढायला. नाचताना नाही, बसून. त्यांना बसलेला फोटो पाहिजे राहायचा, घरी पाठवायला.’ हे वाक्य मी लगेच लिहून घेतलं.

१३ ऑक्टोबर

वर्ग बंद. काल दसरा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन. दीक्षाभूमीकडचे रस्ते अजून माणसांनी भरलेले. घरी बसून वाळलेल्या निगेटिव्ह कापून सहा-सहाच्या पट्ट्या केल्या. नोंदवहीत आतापर्यंत रकाने होते: फ्रेम, छिद्र, वेग, उजेड. एक नवीन रकाना आखला, लय.

२० ऑक्टोबर

आजची नोंद लांबणार.

मोठ्या मुलींचा रियाज. तीनताल (सोळा मात्रांचा), हार्मोनियमवर लहरा, म्हणजे ताल धरून फिरणारी धून, ताई पढंत करत होत्या, म्हणजे बोल तोंडाने म्हणत होत्या. तुकडा, तिहाई (एकच बोल तीनदा), समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, मुद्रा. मुद्रा दिसली की मी शटर दाबत होते. तिसऱ्या-चौथ्या तुकड्यानंतर ताईंनी लहरा थांबवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘अगं, तू फोटो काढून राहिली ना, तुझा खटका ऐकू येतो मला. तो दर वेळी समेच्या मागून येतो. मुली उभ्या राहिलेल्या असतात, येत नसतात.’

एफएम२ चा आवाज मोठा आहे, आरसा वर जातो आणि शटरची पाती पडतात, ‘खटॅक’. डिजिटल कॅमेरा मी आवाज बंद करून वापरायची, त्यामुळे कुठल्याच नर्तकीला मी कुठल्या मात्रेवर आहे ते कळायची सोय नव्हती. आज कळलं, आणि कळलं ते एका तालाच्या माणसाला.

ताई म्हणतात ते कसं घडतं, ते तिथेच हिशेबाने पाहिलं. लय मिनिटाला १२० मात्रांची धरली तर मात्रा अर्ध्या सेकंदाची, सोळा मात्रांचं आवर्तन आठ सेकंदांचं. चौगुनीत, म्हणजे एका मात्रेत चार अक्षरं असताना, बोलाचं एकेक अक्षर सेकंदाच्या आठव्या भागात येतं. डोळ्याने बघून बोट हलवायला माणसाला साधारण पाचवा भाग लागतो. म्हणजे मुद्रा दिसल्यावर दाबलं की मी चौगुनीचं दीड अक्षर मागे. त्यात आरशाच्या कॅमेऱ्याची आणखी एक गोष्ट: फिल्मवर उजेड पडतो त्या क्षणी आरसा वर गेलेला असतो आणि व्ह्यूफाइंडर काळा होतो. जे चित्र निगेटिव्हवर येतं ते मला कधीच दिसलेलं नसतं. मी एखादी मुद्रा काचेतून लख्ख पाहिली असेल, तर ती नक्की निसटलेली आहे.

मग डोळ्याने काढायचंच कशाला? ताईंनी मला मुलींच्या रांगेत बसवलं, कॅमेरा मांडीवर, आणि हाताने ताल धरायला लावला. टाळी, टाळी, खाली, टाळी. खाली म्हणजे जिथे टाळी न देता हात मोकळा टाकायचा ती जागा. सगळ्यात साधी तिहाई घेतली: तीन मात्रांचा बोल, तीनदा. एकूण नऊ मात्रा. ती उठते नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीवरून: नऊ-दहा-अकरा, बारा-तेरा-चौदा, पंधरा-सोळा-सम. ‘पहिला बोल ऐकलास की सम कुठे आहे ते तुला कळलंच पाहिजे,’ ताई म्हणाल्या. ‘मुलगी समेवर पोचायची वाट बघू नकोस, तू तुझी पोच.’

तबलावादक समेची थाप सम ऐकून मारत नाही. ऐकून मारली तर ती उशिरा पडेल. तो आतल्या मोजणीवर मारतो आणि बाकीचे तिथेच येऊन मिळतात. शटरचंही तसंच करायला हवं. बोट पंधराव्या मात्रेला तयार, सोळाव्याला अर्धा दाब, आणि खटका मोजणीवर सोडायचा, चित्राकडे लक्ष न देता. संध्याकाळभर हेच केलं. रोल अर्धा झाला तेव्हा ताई पढंतीच्या मध्येच म्हणाल्या, ‘हं, आत्ता.’

नोंदवहीत लयीच्या शेजारी आणखी एक रकाना: मात्रा.

२७ ऑक्टोबर

रोल धुतला, पट्टी खिडकीला लावून पाहिली. फरक निगेटिव्हवरही दिसतो. आधीच्या फ्रेमांत हात जागेवर आहेत आणि वजन दोन्ही पायांवर बसलेलं. नंतरच्या फ्रेमांत ओढणी अजून मागून येतेय, घुंगरू हवेत आहेत, टाच फरशीला लागायची आहे किंवा आत्ताच लागलीय. मुलींचे चेहरेही वेगळे. पोचल्यानंतरच्या चेहऱ्यावर प्रेक्षकांसाठीचं हसू येतं. पोचतानाच्या चेहऱ्यावर मोजणी असते. मला तोच चेहरा हवा होता, आणि तो आवाजाच्या मागे जाऊन मिळाला.

७ नोव्हेंबर

भाऊबीज उलटली की पूर्व विदर्भात गावोगावी मंडई भरते. धान कापणीला आलेलं किंवा नुकतं कापलेलं, पाहुणे घरी आलेले, दिवसभर बाजार आणि खडी गंमत, दंडार अशा लोककला. मौद्याच्या पुढच्या एका गावात गेले, भंडारा रोडने. शहरातल्या कथक, भरतनाट्यमच्या लोकांना खडी गंमतीबद्दल विचारलं तर बहुतेकांनी नाव ऐकलेलं असतं, पाहिलेली नसते. नागपूरपासून तास-दीड तासावरची ही कला आहे. उभ्याने सादर करायची, म्हणून खडी. शाहीर, ढोलकी, तुणतुणं, मागे साथीदार, आणि बाईची भूमिका करणारा पुरुष, नाच्या. गण, गौळण, लावणी, पुढे कथा.

संच दुपारी दोनला आला. मी फोटो काढायची परवानगी शाहिरांकडे मागितली. ते म्हणाले, ‘काढा ना जी, पण त्याला विचारा पहिले, सोंग त्याचं आहे.’ नाच्याचं काम करणारे दादा चाळिशीचे, एरवी धानाच्या शेतीत राबणारे. शाळेच्या एका वर्गखोलीत तयारी. बाकावर छोटा आरसा, पावडर, कुंकू, नऊवारी. लुगडं नेसताना त्यांनी कोणाची मदत घेतली नाही; कासोटा स्वतःच मागे खोचला, दोनदा उठाबशा काढून सुटत नाही ना ते पाहिलं. मग चाळ बांधले. शहरात मुली घुंगरू बांधताना दोरीचे वेढे मोजतात. दादांनी मोजले नाहीत, पाय आपटून आवाज ऐकला आणि एक वेढा उकलून घट्ट केला.

वर्गाच्या दाराशी पोरांची गर्दी. ‘मॅडम, दाखवा ना फोटो!’ कॅमेऱ्याची पाठ दाखवली, तिथे काळी पाटी. ‘याच्यात दिसत नाही का जी?’ एकाने विचारलं. शाहीरच पुढे झाले, ‘रोलचा हाय तो. पहिले असेच राहत. फोटो पंधरा दिवसांनी येते.’ पोरं निघून गेली आणि त्याचा फायदा असा झाला की खोलीत माझ्याकडे बघणारं कोणी उरलं नाही. डिजिटलवर दर फोटोनंतर समोरचा माणूस स्वतःला पडद्यावर पाहतो, पुढच्या फोटोत तो स्वतःला दुरुस्त करतो. दादांनी काही दुरुस्त केलं नाही. त्यांनी ओठाला रंग लावला, पान खाल्लं, पुन्हा लावला.

उन्हातलं काम. एचपी५ प्लस ४०० वर, १/५००, एफ/८. ढोलकीचा ठेका तीनतालासारखा सोळा मात्रांत अंग आवरून बसत नाही, तो पुढे ढकलत नेतो, आणि नाच्या त्याच्याशी खेळतो: ढोलकीवाल्याकडे तोंड करून, पाठ प्रेक्षकांकडे, मग एकदम वळून. वळण कधी येणार हे मला ढोलकीवरून कळेना. मग शाहिरांच्या तोंडाकडे पाहिलं. ओळ संपताना ते तुणतुणं छातीपासून किंचित दूर करतात, आणि त्यावर दादा वळतात. तेवढा धागा सापडल्यावर फ्रेम मिळू लागल्या. प्रत्येक संचाची सम वेगळ्या माणसाच्या अंगात असते, हे इथे शिकले.

निघताना दादांनी एकच मागणी केली: ‘ताई, एक फोटो साधा काढा. सोंग उतरवल्यावर. घरी लावायला.’ लुगडं घडी करून पिशवीत गेलं होतं, डोळ्यांत काजळ राहिलं होतं. वर्गाच्या पायरीवर बसवून काढला. काकांचं बोलणं आठवत होतं.

२४ नोव्हेंबर

लक्ष्मीनगरचा भरतनाट्यमचा वर्ग. सकाळी सात. इथे गुरू खाली बसून लाकडी ठोकळ्यावर दांडी मारतात, तट्टुकळी, आणि मुलं अरमंडीत, गुडघे बाहेर वळवून, अर्ध्या बैठकीत अडवू, म्हणजे मूळ पदन्यास, करतात. तेच अडवू पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या काळात, म्हणजे वाढत्या वेगात. कष्ट कुठे आहेत ते पाहायचं असेल तर मांड्या पाहाव्यात. तिसऱ्या काळात त्या थरथरतात आणि चेहरा शांत असतो. ८५ मिमी लावून कंबरेखालच्या फ्रेम घेतल्या. पालकांपैकी एकीने विचारलं, ‘तोंड येत नाही का फोटोत?’ समजावलं. पटलं नसावं.

आलत्याबद्दल एक शोध. बोटांची टोकं आणि तळहाताचा गोल लाल रंगवतात तो मुद्रा लांबून वाचता यावी म्हणून. कृष्णधवल फिल्मवर हा लाल किती गडद येईल ते उजेडावर ठरतं. पिवळ्या हॅलोजनच्या उजेडात लाल भाग भरपूर असतो, त्यामुळे आलता फिका पडतो आणि हात कोरा दिसतो. सकाळच्या खिडकीच्या, निळसर उजेडात तोच आलता गडद उतरतो. हिरवा फिल्टर लावला तर लाल आणखी काळवंडतो, पण उजेड बराच खातो. खिडकीजवळ ४०० वर तेवढं परवडतं. आज हिरव्या फिल्टरवर एका मुलीचे नुसते हात काढले, कटकामुख, मृगशीर्ष, अलपद्म या हस्तमुद्रांत. हात रंगवून झाल्यावर तिला वहीत लिहायचं होतं आणि रंग ओला होता, म्हणून ती पेन दोन बोटांच्या पेरांत धरून लिहीत होती. ती फ्रेम सगळ्यांत चांगली असावी.

१५ डिसेंबर

थंडी. नळाचं पाणी सकाळी २० अंशांच्या खालीच आहे. बर्फाऐवजी आता गरम पाण्याची बादली. १४ मिनिटांचं डेव्हलपिंग आता तक्त्याप्रमाणे करता येतं, चित्रातला दाणाही बारीक वाटतो.

कथकच्या खोलीत चक्कर. आतापर्यंत मी चक्करांना हात लावला नव्हता, कारण १/६० ला सगळंच पुसतं असं वाटायचं. पण चक्कर घेताना अंग सतत फिरतं, डोकं तसं फिरत नाही. नजर समोर एका ठिकाणी टिकते, अंग पुढे जातं, मग मान झटकन वळून नजर पुन्हा त्याच ठिकाणी येते. त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात चेहरा क्षणभर स्थिर असतो. वेग कमी करून १/३० वर गेले, बरोबर समोर बसले, आणि खटका नजर परत येते त्या ठोक्यावर सोडला. घेर पूर्ण धूर झाला, हात पुसले गेले, चेहरा मात्र पापण्यांसकट आला. १/५०० ला हाच चक्कर उभी राहिलेली बाई दाखवतो. घेर फुगलेला, पण फिरण्याचा पुरावा नाही.

ताईंना प्रत्येक वेळी किती चक्कर येणार ते आधी विचारून घेतलं. मधल्या फेऱ्यांत शटर दाबायचं नाही, शेवटच्या दोनांत दाबायचं. शेवटी तोल सांभाळायला लागतो, खालचा ओठ आत जातो. पहिल्या फेऱ्यांत चेहरा सजवलेला असतो.

५ जानेवारी २०२५

काकांच्या अंधाऱ्या खोलीत प्रिंट मारले. लाल दिवा, ट्रेमधला कागद, हळूहळू वर येणारे घुंगरू. आम्ही फारसं बोललो नाही, काम होतं. मंडईतल्या दादांचा पायरीवरचा फोटो काकांनी स्वतः केला, कपाळाला हाताने सावली देत दोनदा. ८ बाय १० इंच. पाकिटात पुठ्ठा घालून पोस्टाने पाठवला, शाहिरांच्या पत्त्यावर.

१९ जानेवारी

सिव्हिल लाइन्समधलं डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह, वर्गाच्या कार्यक्रमाची रंगीत तालीम. मोठा रंगमंच, आणि माझ्यासाठी नेहमीची जागा समोर, तिसऱ्या रांगेत. तिथे न बसता विंगेत उभी राहिले. समोरून नाच दिसतो. विंगेतून दिसतं की पुढची मुलगी नाचते तेव्हा मागची ओठांनी बोल म्हणतेय, एक जण भिंतीला टाच घासतेय, ताई माइकजवळ बसून डाव्या हाताने ताल देताहेत आणि उजव्या हाताने प्रकाशयोजनेच्या मुलाला खुणा करताहेत.

८५ मिमी, १६००, एफ/२, १/१२५. दिवे बदलतात तसा मीटर बदलतो. चेहऱ्यावर मोजून ठेवलं आणि हलवलं नाही. इथे माझा खटका कोणाला ऐकू आला नाही. तरी मोजणी सोडली नाही.

२ फेब्रुवारी

कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे रोलच्या सगळ्या फ्रेम मूळ आकारात छापलेला कागद, घेऊन ताईंकडे. भिंग आणि लाल पेन्सिल त्यांच्या हातात दिली. मी आधी माझ्या निवडीला खुणा केल्या होत्या, त्या दाखवल्या नाहीत.

त्यांनी माझ्या आवडत्या दोन फ्रेम बाद केल्या. एकीत उजेड फार सुंदर आहे. ताई म्हणाल्या, ‘हस्तक खाली आलाय. हा फोटो बाहेर गेला तर मुलीचं नाव खराब होईल, तुझं नाही.’ दुसरीत पायाचा कोन चुकीचा. काढून टाकल्या. माझ्या यादीत नसलेली एक त्यांनी दोनदा गोल केली: अकरावीतली मुलगी, तिहाईत, तालाच्या चौदाव्या मात्रेवर, तोंड वेडंवाकडं, केस गालाला चिकटलेले. मी ती चेहऱ्यामुळे सोडली होती. ‘इथं तिला पहिल्यांदा लय सापडली. बघ, खांदे सैल आहेत.’ मी भिंग लावून पाहिलं. खांदे खरंच सैल होते.

मुलीलाही दाखवली. तिने बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, चालेल, पण आईला दुसरा द्या. दोन्ही प्रिंट करायच्या ठरल्या.

यापुढे निवड नर्तकांसोबतच बसून करायची. भरतनाट्यमच्या गुरूंना शीट पुढच्या आठवड्यात, मंडईच्या संचाकडे उन्हाळ्याआधी, मीच घेऊन जाणार.

ताई बुधवारपासून मोठ्या मुलींना धमार सुरू करताहेत. १४ मात्रा, तीच नऊ मात्रांची तिहाई इथे सातव्या मात्रेवरून उठते. खाली वेगळ्या जागी, टाळ्या वेगळ्या. पहिले काही दिवस कॅमेरा पिशवीत ठेवून रांगेत बसायला सांगितलंय. रोल भरून ठेवलाय, तीन एचपी५ फ्रीजमध्ये, काकांकडचं मेटॉल संपत आलंय, ते आणायचं.